एकोणसाठ आणि दोन पंचमांश

किती वाजले ते मला विचारू नका. मला ते सांगता येत नाही. दिसायला मी घड्याळासारखाच आहे, गोल चेहरा, पोटात चाकं, डोक्यावर किल्ली. पण मी स्टॉपवॉच. ‘किती वाजले’ हा माझा प्रश्नच नव्हे. माझा प्रश्न एकच : ‘किती लागले?’

खटका एकदा दाबला की मी धावतो, दुसऱ्यांदा दाबला की थांबतो आणि तिसऱ्यांदा दाबला की शून्यावर येतो. शून्यावर आलो की आधीचं सगळं पुसलं जातं. तुम्ही म्हणाल, बरंच आहे की. पण एक आकडा मी मनातल्या मनात एक्केचाळीस वर्षं धरून ठेवला होता. त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरगावचा. जिने माझी चाकं बसवली ती बाई चिमट्याने काम करताना श्वास रोखून धरायची, एवढं आठवतं. माझा काटा एका सेकंदात पाच पावलं टाकतो. प्रत्येक पाऊल म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. डब्यात बसून मी बोटीने कलकत्त्याला आलो, तिथल्या एका दुकानात काही वर्षं काढली, आणि १९७० साली एका सडपातळ तरुणाने मला विकत घेतलं. ते यज्ञेश्वर पुराणिक. रायपूरच्या एका शाळेतले पी. टी. मास्तर.

पुराणिकांचं घर रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातलं. भोसल्यांच्या काळात त्यांचे कोणी पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. मास्तर बाजारात हिंदी बोलत, घरी मराठी, आणि रिक्षावाल्याशी छत्तीसगढी. तिन्ही भाषा त्यांच्या जिभेवर सुखाने राहत. पण आकडे मोजायचे म्हटले की मास्तर फक्त मराठीत मोजत. शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची शर्यत संपली की “तेरा आणि तीन पंचमांश!” असं ओरडत, आणि मुलं एकमेकांना विचारत, “तेरा मतलब तेरा ही ना?”

मास्तरांना एक वेड होतं. मोटारींच्या शर्यतींचं. गोल बाजारात जुनी मासिकं विकायला बसणाऱ्याकडून ते विलायती अंक आणत आणि मला टेबलावर ठेवून तासन् तास वाचत. त्यामुळे मीही शिकलो. १९५० साली जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली ते सिल्व्हरस्टोन हे मुळात युद्धातलं विमानतळ. आणि आपलं मद्रासजवळचं शोलावरम, तेही तसंच! जिथून विमानं उडत होती तिथे मोटारी धावू लागल्या, याचं मास्तरांना फार अप्रूप वाटे.

मधल्या सुट्टीत मुलं त्यांच्याभोवती जमत. मास्तर विचारत, “सांगा, १९५५ मध्ये इटलीतली हजार मैलांची शर्यत स्टर्लिंग मॉसने जिंकली. त्याच्या गाडीचा नंबर ७२२ काहून होता?” मुलं काहीबाही अंदाज करत. “अरे, सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी निघाला म्हणून! प्रत्येकाचा नंबर म्हणजे त्याची निघायची वेळ. आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे रस्त्यातल्या वळणांची नोंद केलेली कागदाची गुंडाळी होती, सतरा-अठरा फूट लांब!”

ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सगळे चालक पळत पळत गाडीत जाऊन बसत. १९६९ साली जॅकी इक्स नावाचा तरुण मात्र चालत गेला. घाईत पट्टे नीट बांधता येत नाहीत, ही पद्धत धोक्याची आहे, एवढं दाखवायला. सगळ्यांच्या मागून निघाला आणि चोवीस तासांनंतर शंभर-सव्वाशे मीटरने जिंकला. हे सांगताना मास्तर स्वतः व्हरांड्यात सावकाश चालून दाखवत.

मला स्वतःला आवडायची ती १९७१ ची मोंझाची गोष्ट. पहिल्या आणि दुसऱ्यात अंतर होतं सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याचं. माझ्या एका पावलात असे वीस निकाल मावतील. ती गोष्ट ऐकली की मी डब्यात जरा अंग चोरून बसे.

रायपूरला मोटारींच्या शर्यती होत नव्हत्या, पण फटफट्यांच्या होत. इथल्या हौशी लोकांनी १९७५ मध्ये ‘दक्षिण कोसल मोटर क्लब’ काढला. वेळ घेणारा माणूस हवा होता, म्हणून मास्तर गेले आणि त्यांच्या खिशातून मी.

मास्तरांचा एक नियम होता, आणि त्याचं मला आजही कौतुक वाटतं. आकडा मोठ्याने म्हणायचा, काटा शून्यावर आणायचा आणि आकडा विसरून जायचा. ते म्हणत, “मागच्याचा आकडा डोक्यात राहिला तर पुढच्याच्या वेळी बोट थरथरते.” लिहिण्याचं काम त्यांचं नव्हतं. ते शेजारच्या टेबलावर बसलेल्या कृष्णा साहूचं. कृष्णा भैया क्लबचे कारकून, भला माणूस, अक्षर मोत्यासारखं. मास्तर म्हणणार, कृष्णा लिहिणार. नऊ वर्षं काही बिघडलं नाही.

मग आला १९८४ चा जानेवारी.

शहराबाहेरच्या मैदानात मातीचा वळणावळणाचा रस्ता आखला होता. रस्ता अरुंद, म्हणून एकेकट्यानेच एक फेरी मारायची. सगळ्यात कमी वेळ लागेल तो पहिला. बक्षीस कप होता, पण खरं बक्षीस वेगळं होतं. पहिल्याला क्लब शोलावरमच्या शर्यतीला पाठवणार होता. फक्त पहिल्याला.

अकरा जण होते. दहा मुलं आणि एक मुलगी. गोदावरी. बावीस वर्षांची, तात्यापाऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याची लेक. ती राजदूत फटफटी घेऊन आली तेव्हा कोणीतरी ओरडलं, “ओ दीदी, सब्जी मंडी उधर है!” गोदावरी म्हणाली, “हव, तुमच्यासाठीच भोपळा घेऊन जाते येताना.” लोक हसले. तिचे वडील मनगटावरचं घड्याळ पाहत बाजूला उभे होते. ते हसले नाहीत.

मी तेव्हा मास्तरांच्या तळहातात होतो. झेंडा पडला, खटका दाबला गेला आणि मी निघालो. इतर मुलं वळणावर पाय टेकवत होती, माती उडवत होती. गोदावरीने पाय टेकवलाच नाही. तिची गाडी वळणातून अशी निघाली, जशी सुई कापडातून निघते. मी आयुष्यात बऱ्याच धावा पाहिल्या आहेत. तेवढी स्वच्छ धाव पुन्हा पाहिली नाही.

मास्तरांनी खटका दाबला. माझा काटा साठाच्या तीन रेघा आधी थांबला. इंजिनं गर्जत होती, लोक ओरडत होते. मास्तर ओरडले, “एकोणसाठ आणि दोन पंचमांश!”

आणि लगेच मला शून्यावर आणलं.

तिच्या आधीचे सगळे साठाच्या वर होते. बासष्ट, चौसष्ट, सहासष्ट. कृष्णा भैयांच्या कानाला दिवसभरात सवय झाली होती : बासष्ट म्हणजे बासठ, चौसष्ट म्हणजे चौंसठ. साठाच्या आत कोणी येईल असं त्या कानाला वाटलंच नव्हतं. त्यांना ऐकू आलं ‘इकसठ’. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ६१.

मग दिवाकर आला, गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा. त्याचा काटा साठ ओलांडून एक रेघ पुढे थांबला. माझ्या चेहऱ्यावर दोघांत चार रेघांचं अंतर. गोदावरी चार रेघांनी पुढे होती. कागदावर ती मागे पडली.

संध्याकाळी निकाल वाचला गेला. दिवाकर पहिला, गोदावरी दुसरी. तिचे वडील टेबलापाशी येऊन म्हणाले, “माझ्या घड्याळात पोट्टी साठच्या आत होती.” लोक म्हणाले, “काका, मास्तरचं स्टॉपवॉच कुठे अन् तुमचं लग्नातलं घड्याळ कुठे!”

दुसऱ्या दिवशी गोदावरी घरी आली. मी टेबलावरच होतो. तिने विचारलं, “मास्तर, काही चूक तर नाही ना झाली?” मास्तर, नियमाप्रमाणे, आकडा केव्हाच विसरले होते. त्यांनी मला हातात उचलून दाखवलं. “पोरी, माझं घड्याळ चुकत नाही.”

खरंच बोलले होते. मी चुकलो नव्हतो. पण तिने माझ्याबद्दल विचारलं नव्हतं.

मला तोंड असतं तर! पण मला फक्त चेहरा आहे, आणि त्यावर शून्य.

दिवाकर शोलावरमला गेला आणि पहिल्याच वळणावर पडून परत आला. गोदावरीने फटफटी सोडली. मला मात्र मानाचे दिवस आले. पुढे बॅटरीवरची स्टॉपवॉच आली, सेकंदाचे हजार तुकडे करणारी. १९९७ मध्ये स्पेनच्या हेरेथमध्ये तर तीन जणांची वेळ हजाराव्या हिश्श्यापर्यंत सारखी निघाली. एक मिनिट एकवीस पूर्णांक बहात्तर हजारांश, तिघांचीही! मग ज्याने आधी नोंदवली तो पुढे उभा राहिला. त्या दिवशी मास्तरांनी मला रुमालात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. म्हणाले, “आता तू आराम कर.” आराम म्हणजे काय असतो ते धावणाऱ्यालाच कळतं. स्प्रिंग सैल पडते आणि तेल घट्ट होतं.

२०११ मध्ये दिल्लीजवळ जागतिक दर्जाची शर्यत आली तेव्हा मास्तरांनी मला बाहेर काढून टीव्हीसमोर ठेवलं होतं. “पाह्य, आपल्या देशात आली.” तीन वर्षांनी ती गेली. मी परत रुमालात.

यंदा क्लबला पन्नास वर्षं झाली. नवा रायपुरातल्या एका सभागृहात मोटर शर्यतींच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. सगळ्या विजेत्यांची नावं असलेला मोठा फलक लागणार होता, आणि ऐंशी वर्षांच्या मास्तरांचा सत्कार होणार होता. जुनी कागदपत्रं नीट लावायचं काम त्यांच्या नातीकडे आलं. ओवी, दहावीतली.

ओवी कमी बोलते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही, असं तिच्या बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं आहे. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. मास्तर मराठीत विचारतात, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघांनाही यात काही वेगळं वाटत नाही.

कागदांच्या खोक्यात एक कॅसेट निघाली. मास्तरांचे धाकटे भाऊ भार्गव १९८४ च्या त्या शर्यतीला नवाकोरा टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. इंजिनांचे आवाज भरायला. ओवीने ती कॅसेट दुरुस्त करून आणली, संगणकावर उतरवली आणि एका दुपारी क्लबचा निकालाचा कागद समोर ठेवून ऐकायला बसली. मी शेजारीच होतो. प्रदर्शनात ठेवायचं म्हणून मला पुसून ठेवलं होतं.

खरखर. फटफट. मग तरुण मास्तरांचा आवाज : “बासष्ट आणि एक पंचमांश!”

ओवीने कागदावर बोट ठेवलं. ६२. बरोबर. चौसष्ट. बरोबर. मग : “एकोणसाठ आणि दोन पंचमांश!” तिने कागद पाहिला. ६१. तिने वहीत लिहिलं आणि सहज विचारलं, “आबा, एकोणसाठ मतलब सिक्स्टी-वन ना?”

मास्तर आरामखुर्चीत चहा पीत होते. हसले. “अगं बाप्पा, दहावीत आहेस तू! एकोण म्हणजे एक उणे. एक कमी. साठाले एक कमी.”

“तो फिर यहाँ इकसठ क्यों लिखा है?”

मास्तर हसत होते ते थांबले. “कोणापुढे?”

“गोदावरी के आगे.”

कपबशी खाली ठेवताना वाजली. “परत लाव,” ते म्हणाले.

तिने पाच वेळा लावलं. सहाव्या वेळी मास्तरांनी मला उचललं. खूप दिवसांनी किल्ली फिरली. स्प्रिंग कुरकुरली. म्हातारी झाली होती, पण तुटली नव्हती. टेपवर “छोड़ो!” असा आवाज आला, आणि मास्तरांनी खटका दाबला.

मी धावलो. पोटातलं तेल घट्ट, सांधे आखडलेले, तरी धावलो. तीच शर्यत, तीच गोदावरी, फक्त या वेळी दिसत नव्हती. टेपवर इंजिन जवळ आलं, मोठं झालं, समोरून गेलं आणि लोकांच्या आरड्यात माझ्याच खटक्याचा एक बारीक ‘टक्’ ऐकू आला. तरुणपणचा माझा आवाज! मास्तरांनीही खटका दाबला.

काटा साठाच्या दोन रेघा आधी थांबला. जुनी टेप, जुना मी, एवढा फरक धरून चला. पण काटा साठापर्यंत पोचला नव्हता. एक्केचाळीस वर्षांनी मला साक्ष देता आली.

मास्तरांनी फोन लावला भिलाईला. कृष्णा भैया तिथे मुलाकडे राहतात. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जो सुना वही लिखा, मास्टर जी. फटफटी के हल्ला-गुल्ला में इकसठ ही सुनाई दिया. आप गिनती मराठी में काहे करते थे?”

“तूच सांग आता, काहून करत होतो.”

“गिनती अउ गारी मनखे के अपनेच बोली म निकलथे,” कृष्णा भैया छत्तीसगढीत म्हणाले. म्हणजे मोजणी आणि शिवी माणसाच्या आपल्याच बोलीत निघते. दोघं हसले. मग दोघंही एकदमच हसायचे थांबले.

टेबलावर सत्काराच्या मानपत्राचा मसुदा पडला होता. त्यात लिहिलं होतं, ‘ज्यांनी नोंदवलेली एकही वेळ आजवर चुकली नाही.’ मास्तरांनी ती ओळ वाचली, कागद उलटा करून ठेवला आणि आरामखुर्चीत पडून राहिले. दोन दिवस तसेच. जेवणावर लक्ष नाही, पेपर घडी न मोडता पडलेला.

“फलक रंगवायला दिला काय?” त्यांनी एकदा विचारलं.

“परसों देंगे,” ओवी म्हणाली.

“एक्केचाळीस वर्षं झाली. आता कोणाले काय फरक पडते?” ते भिंतीला म्हणाले. ओवी उठली, पाण्याचा तांब्या भरून आणला, पुन्हा जवळ बसली. मग खाली बघत म्हणाली, “आबा, वो मॉस वाली कहानी सुनाओ ना. पुर्तगाल वाली.”

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. ती कहाणी त्यांनी हजारदा सांगितली होती. १९५८ साल. मॉस आणि माइक हॉथॉर्न यांच्यात अजिंक्यपदाची चुरस. पोर्तुगालच्या शर्यतीत मॉस पहिला, हॉथॉर्न दुसरा. पण हॉथॉर्नने गाडी रस्त्यावर उलट दिशेने नेली म्हणून त्याला बाद करायला निघाले. तेव्हा मॉस स्वतः पंचांपुढे गेला आणि म्हणाला, मी पाहिलं आहे, त्याने गाडी रस्त्याच्या कडेने नेली, त्याची चूक नाही. हॉथॉर्नचे गुण वाचले. वर्षाच्या शेवटी हॉथॉर्न बेचाळीस, मॉस एक्केचाळीस. मॉस पुढेही कधी अजिंक्य झाला नाही.

“किती गुणांनी गेलं त्याचं?” ओवीने विचारलं. हे तिला माहीत होतं.

“एका,” मास्तर म्हणाले. “एक उणे.” मग खुर्चीच्या दांड्यांवर हात रोवून उठले. “चप्पल घाल. अन् घड्याळ घे.”

आधी आम्ही गोल बाजारात गेलो. दिवाकरशेठ आता सत्तरीकडे झुकलेले, पोट सुटलेलं, भोवती स्टीलच्या डब्यांच्या राशी. आणि मधल्या फळीवर तो कप, लखलखीत. सगळं ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला.

“मास्तर! एक्केचाळीस वर्षं मी या कपाले चिंच लावून घासून राहिलो!”

“माफ कर, दिवाकर.”

“आता नातवाले काय सांगू? तो तर शाळेत सांगून राहिला, माझे आजोबा चॅम्पियन आहेत म्हणून.” ते क्षणभर कपाकडे बघत राहिले. मग आवाज उतरला. “खरं सांगू? मले तेव्हाच वाटलं होतं. मी वळणाजवळ उभा होतो. ती पोट्टी पाय न टेकवता निघाली. मी मनात म्हणलं, गेला आपला नंबर. अन् मग माझंच नाव पुकारलं. कोण बोलते अशा वेळी?”

त्यांनी कप खाली काढला. सवयीने वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळीने बांधला आणि गिऱ्हाइकाला द्यावा तसा ओवीच्या हातात दिला. “वापस घेत नाही हां. तिले सांगजो, दिवाकर म्हणे, घासायची मजुरी माफ.”

गोदावरीबाई समता कॉलोनीत मोटार चालवायला शिकवतात, बायकांना आणि मुलींना. आम्ही पोचलो तेव्हा त्या एका घाबरलेल्या बाईंच्या शेजारी बसून सांगत होत्या, “क्लच सोडा, ताई, हळूहळू सोडा. संसार नाही तो, जन्मभर धरून ठेवायला!” मास्तरांना पाहून त्या खाली उतरल्या.

मास्तर बसलेही नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. एकोण, इकसठ, टेप, साठाच्या आतला काटा. शेवटी म्हणाले, “तू घरी विचाराले आली होतीस. मी कागद पाह्यला पाहिजे होता. मी घड्याळ दाखवलं.”

गोदावरीबाईंनी हात पुढे केला. मास्तरांनी मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. तळहात कडक होता, स्टिअरिंगने घट्टे पडलेला.

“बाबा मरेपर्यंत म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “पोट्टी साठच्या आत होती. अन् मीच त्यांना गप्प करत होती. म्हणायची, बाबा, मास्तरचं घड्याळ खोटं बोलन का? लोक हसतात, गप्प बसा.” त्यांनी पदराने डोळे नाही पुसले, माझी काच पुसली. “शोलावरम गेलं त्याचं काही नाही. तसंही तो दिवाकर पडलाच की पहिल्या वळणावर. पण बाबांना ‘तुमचं खरं होतं’ म्हणायचं राहून गेलं.”

मास्तर खाली बघत उभे होते. ओवीने वर्तमानपत्रातला कप गाडीच्या टपावर ठेवला.

“हे काय? भांडं?”

“कप,” ओवी म्हणाली. “घासने की मजूरी माफ, बोले हैं.”

गोदावरीबाई अशा हसल्या की क्लच धरून बसलेल्या ताईंनी दचकून क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली.

रविवारी सभागृह भरलं होतं. फलकावर पन्नास वर्षांची नावं होती आणि १९८४ ची ओळ मास्तरांच्या सांगण्यावरून कोरी होती. रंगारी ब्रश घेऊन शेजारी उभा होता. मास्तरांनी शाल घ्यायच्या आधी माइक घेतला. मानपत्रातली एक ओळ काढून टाका म्हणाले. काय घडलं ते हिंदीत सांगितलं, कोणाला दोष न देता. “लिखने वाले की गलती नहीं. पूछने आई थी तब मैंने देखा नहीं. गलती मेरी.”

“उस दिन का सही समय था,” ते म्हणाले. आणि आकडा म्हणायचा झाला की माणसाची भाषा कोणती होते, ते कृष्णा भैयांनी सांगितलंच आहे. “एकोणसाठ आणि दोन पंचमांश!”

सूत्रसंचालकाने लगबगीने दुसरा माइक उचलला. “जी हाँ, तालियाँ! इकसठ सेकंड और...”

रंगाऱ्याचा ब्रश फलकाकडे निघाला.

पहिल्या रांगेत एक खुर्ची मागे सरकली. वर्गात कधी हात वर न करणारी ओवी उभी होती. कान लाल झाले होते, आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

“इकसठ नहीं! उनसठ. साठाला एक कमी.”

शेवटचे शब्द मराठीत आले. तिच्या लक्षात आलं नसावं. मास्तरांच्या आलं.

रंगाऱ्याने ब्रश थांबवला, तिच्याकडे वळून विचारलं, “बेटा, आँकड़ा बताओ, आँकड़ा.” तिने हवेत बोटाने काढून दाखवलं : पाच, नऊ. त्याने लिहिलं. गोदावरी. ५९. टाळ्या वाजू लागल्या तेव्हा पहिले उभे राहिले ते दिवाकरशेठ, आणि शिटीसुद्धा त्यांनीच मारली.

माझं आता वय झालं. माझ्यावर कोणी शर्यत लावणार नाही आणि लावूही नये. मास्तरांनी मला गोदावरीबाईंना देऊन टाकलं. त्यांच्या शाळेच्या काचेच्या कपाटात, त्या कपाशेजारी मी राहतो. बाजूला एका जुन्या मनगटी घड्याळालाही जागा दिली आहे. ते त्यांच्या वडिलांचं. आमचं बरं जमतं. दोघांना एकच गोष्ट माहीत होती, आणि दोघांचंही कोणी ऐकलं नव्हतं.

कपाटात ठेवायच्या आधी काटा त्या आकड्यावर थांबवायचा होता. मास्तरांचं बोट दोनदा चुकलं. ओवीचं एकदा. मग गोदावरीबाई म्हणाल्या, “आणा इकडे,” आणि पहिल्याच फटक्यात नेमका थांबवला. “हात अजून जागेवर आहे,” म्हणाल्या.

वाचणाऱ्यांनो, घड्याळं चुकत नाहीत म्हणून निश्चिंत राहू नका. आकडा सांगितल्यावर समोरच्याला एकदा विचारा, काय लिहिलंस? कोणी विचारायला आलं तर घड्याळ दाखवू नका, कागद काढा. ओवी हल्ली क्लबच्या शर्यतींना लिहायला बसते. प्रत्येक आकडा ती दोन भाषांत मोठ्याने म्हणते, आणि मगच लिहिते.

आणि माझं स्वतःसाठी एकच मागणं आहे. आयुष्यभर मला शून्यावर आणलं गेलं, मी तक्रार केली नाही. पण कधी समता कॉलोनीत आलात, कपाट उघडं दिसलं आणि मला हातात घेऊन बघावंसं वाटलं, तर खुशाल घ्या. फक्त खटका दाबू नका. माझा काटा साठाच्या तीन रेघा आधी उभा आहे. त्याला तिथेच राहू द्या.